योखुमचा 'एन्टफ्यूरुंग' संच: शेवटच्या कोरसला आवाज का फाटतो?

धरमपेठी:
मोझार्टच्या 'दी एन्टफ्यूरुंग आउस डेम सेराइल' या ऑपेराचं, ऑयगेन योखुम यांनी संचालन केलेलं १९६५चं ध्वनिमुद्रण, तीन एलपींचा संच. पहिल्या बाजूवरचं ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) स्वच्छ वाजतं, पण सहाव्या बाजूच्या शेवटी जानिसारींचा (तुर्की सैनिकांचा) कोरस आला की झांजा आणि ट्रँगल चिरके लागतात. रेकॉर्ड झिजलीय की सुईचा दोष? सुई गोल टोकाची, दाब १.५ ग्रॅम. संच गेलाच असेल तर दुसरं कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं?

खाच_आणि_सुई:
एवढ्यात संच बाद करू नका. चाचणी त्याच्यातच आहे. ओव्हर्चर आणि शेवटचा कोरस दोन्ही सी मेजरमध्ये, आणि दोन्हीकडे तोच तुर्की थाट: पिकोलो, ट्रँगल, झांजा, मोठा ढोल. फरक जागेचा. बाहेरच्या काठावर खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. झांजेची बारीक वळणं तिथे इतकी दाटतात की गोल टोक त्यांत बसतच नाही.

दुसरी आणि चौथी बाजू शेवटपर्यंत ऐका. तिथेही फाटत असेल तर कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या डबीची) मांडणी चुकली आहे. प्रोट्रॅक्टर (मांडणी तपासायची आखीव पट्टी) घेऊन मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर कार्ट्रिज खाचेला अगदी समांतर येते का पाहा, नसेल तर स्क्रू सैल करून सरकवा. फक्त उजवीकडून फाटत असेल तर अँटी-स्केटिंग (सुईची आत घसरण्याची ओढ तोलणारी योजना) थोडं वाढवा. सहावी बाजू सुरुवातीपासूनच खरखरत असेल, तर मात्र आधीच्या कुणाच्या झिजलेल्या सुईने खाच खरवडली आहे, त्याला उपाय नाही.

दाब कार्ट्रिजच्या पत्रकात दिलेल्या मर्यादेत, पण वरच्या टोकाकडे ठेवा. कमी दाबाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे; सुई उडते आणि भिंतीवर आपटते. सुई बदलायचीच तर लंबगोल टोकाची घ्या.

महालकर:
आधी धुऊन घ्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेबल कोरडं ठेवून. पावसाळ्यातली बुरशी या आवाजासारखीच भासते. आणि मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत संच आडवा रचू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत वजनाखाली तबकडी वाकते.

बर्डीचा_रसिक:
संच सोडू नका, त्यात नायक बेलमोंटे गाणाऱ्या फ्रिट्झ वुंडरलिशसाठी. 'ओ वी एंग्स्टलिश' या त्याच्या पदात धडधडतं काळीज दोन्ही व्हायोलिन सप्तकाच्या अंतराने वाजवून दाखवतात, असं मोझार्टने २६ सप्टेंबर १७८१ला वडिलांना लिहिलं होतं. त्या धडधडीवर बेलमोंटेचा स्वर इतका मोकळा दुसरीकडे क्वचित मिळेल. वुंडरलिश सप्टेंबर १९६६मध्ये गेले, अवघ्या ३५व्या वर्षी.

जोडीला काही घ्यायचंच तर कार्ल ब्योमचं १९७३चं, ड्रेस्डेनचं. त्यात कुर्ट मोलचा ओस्मिन (पाशाचा खर्ज आवाजाचा रखवालदार) आहे. 'ओ, वी विल इश ट्रिउम्फीरन' या पदातला खर्जातला डी तो नुसता गाठत नाही, त्यावर आरामात थांबतो. बीचमचं १९५६चं सुरेख आहे, त्यातला बेलमोंटे गाणाऱ्या सिमोनोसाठी जरूर ऐका, पण त्यात 'मार्टर्न आलर आर्टन' हे पद दुसऱ्या अंकातून तिसऱ्यात नेलंय. सेलिम पाशाच्या धमकीला नायिका कोन्स्टान्झेने तिथल्या तिथे दिलेलं उत्तर आहे ते, जागा बदलली की धार जाते. पहिलं म्हणून ते नको.

संवाद गाळून ऐकू नका. सेलिम एक सूरही गात नाही, नुसता बोलतो. गद्य आणि पदं मिळूनच हा प्रकार होतो, हे संगीत नाटकाच्या श्रोत्याला वेगळं सांगायला नको. याचा पहिला प्रयोग १७८२चा, आपलं 'सौभद्र' १८८२चं, आणि दोन्हीकडे बेत नायिकेला पळवून नेण्याचाच!