रशियन मेंटेनर काढले, मग 'ओपन' काय राहिलं?

सायली_ईएनटीसी: शेवटच्या वर्षाला आहे, लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बारीकसारीक पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवायला लागलेय. जुने मेल चाळताना ऑक्टोबर २०२४ चा तो बदल दिसला. मेंटेनर्स फाइलमधून, म्हणजे कोडच्या एकेका भागाची जबाबदारी असलेल्यांच्या यादीतून, डझनभर नावं एका झटक्यात गेली, बहुतेक रशियन. जीपीएलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या परवान्यात, देश कुठे लिहिलाय? उद्या आपल्यावर अशी वेळ आली तर?

खडकीवाला: सायली, जीपीएल तुला कोड घ्यायचा, बदलायचा, वाटायचा हक्क देतं. तुझा पॅच कुणी घेतलाच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. गोम तिथेच आहे. कर्नलच्या कामाला आधार देणारी संस्था, लिनक्स फाउंडेशन, अमेरिकेतली. तिथल्या अर्थखात्याच्या निर्बंध-यादीतल्या कंपनीच्या माणसाशी काम करायचं म्हणजे वकील गाठणं आलंच. चाहूल आधीच लागली होती. मार्च २०२३ मध्ये बैकल इलेक्ट्रॉनिक्स या रशियन चिप कंपनीच्या इंजिनिअरचे नेटवर्किंगचे पॅच परत गेले, कारण कंपनी.

मला राग आहे तो पद्धतीचा. आपल्या कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणीत) 'का' नसेल तर पॅच तोंडावर परत येतो (आणि यायलाच हवा). ती नावं काढताना मात्र 'कंप्लायन्सच्या (कायदेपालनाच्या) गरजा' एवढंच, वर 'पुरेशी कागदपत्रं दिली तर परत येता येईल'. कसली कागदपत्रं, ते नाही. निर्बंध-यादीचा खुलासा नंतर दुसऱ्याच मेंटेनरने केला.

मनोज_जेएस: वकिलांचं एक वेळ समजू शकतो. पण लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्स स्वतःच म्हणाला की मी फिनलंडचा, रशियाच्या आक्रमणाला पाठिंबा देईन का? मग हा कायदा की मत?

खडकीवाला: दोन्ही, मनोजराव. आणि ते मिसळलं म्हणूनच एवढी बोंब झाली. निव्वळ मत काय करतं ते तुम्हा जेएसवाल्यांनी मार्च २०२२ मध्ये पाहिलंय. नोड-आयपीसी या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या मेंटेनरने रशिया-बेलारूसचा आयपी दिसला की फाइली पुसून तिथे हार्टचा इमोजी लिहायचा कोड घुसवला. वेब अ‍ॅप बांधायच्या व्ह्यू सीएलआय या टूलला ते पॅकेज लागायचं, त्यामुळे सगळेजण जुनं व्हर्जन लॉक करत बसले. त्यात पुतिनचं काय गेलं?

सायली, आपल्यावर वेळ येऊन गेलीय. १९९८ च्या पोखरणनंतर बीएआरसी, इस्रो अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या यादीत होते. रिस्क-फाइव्ह या खुल्या चिप-मानकवाल्यांनी अशाच धास्तीने २०२० मध्ये बस्तान स्वित्झर्लंडला हलवलं. कोडचा फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) कुणीही काढेल, पण रिव्ह्यू करणारी माणसं कुठून आणणार?

तू पॅच थांबवू नकोस. चेकपॅच (पॅच तपासायची स्क्रिप्ट) चालवून लिंक इथे टाक, रात्री बघतो.