गिझरच्या लाईनला पांढरा पीव्हीसी चालेल का?

परळ_पूर्व: बाथरूमचं काम सुरू आहे. थंड पाण्याला पाऊण इंची पांढरा यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) पाईप टाकलाय. तोच गिझरपासून शॉवरपर्यंत नेऊ, प्लास्टिक सगळं सारखंच, असं प्लंबर म्हणतो. दोन दिवसांत टाईल्स लागतील. गच्चीतल्या टाकीची लाईनही याच पाईपची, दिवसभर उन्हात.

नळजोड: गरम पाण्याला अजिबात नको. यूपीव्हीसी ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो, गिझरचं पाणी सहज ६० गाठतं. ८० च्या आसपास तर पीव्हीसी मऊच पडतं. लगेच फुटत नाही, म्हणून फसगत होते. आधी पाईप झोळ खातो, मग एल्बोच्या जोडातून पाझर सुरू होतो, आणि तोवर वर टाईल्स बसलेल्या असतात. फिकट पिवळा सीपीव्हीसी घ्या. त्यात क्लोरीन जास्त असतं, त्यामुळे तो ९३ अंशांपर्यंत चालतो. पाईपवर आयएस १५७७८ (या पाईपचं भारतीय मानक) छापलेलं हवं. भिंतीत गाडणार असाल तर एसडीआर (पाईपचा व्यास भागिले जाडी) ११ च घ्या, १३.५ पातळ असतो.

कानस: पाईप बरोबर असला तरी गळती जोडातच होते. जोडायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच वापरा. ते गोंदासारखं चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. पाईप काटकोनात कापा, कड कानशीने साफ करा, कोरडाच घालून बघा. सॉकेटच्या (फिटिंगच्या ज्या तोंडात पाईप बसतो त्याच्या) एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जायला हवा. ढिला गेला तर फिटिंग बदला. पुसून पाईपला भरपूर सोल्युशन लावा, सॉकेटला पातळ. तिथे जास्त झालं की आत साचून पाईप मऊ करतं. पाव फेरा देत दाबा आणि ३० सेकंद धरा, नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत जोड उशिरा वाळतो, त्यामुळे २४ तास तरी पाणी सोडू नका. नंतर दाब देऊन तपासा, मगच टाईल्स.

गिझरजवळ पितळी आट्यांचं फिटिंग आणि टेफलॉन टेप. जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपच्या) सवयीने सूत-सफेदा (आट्यांवर सूत गुंडाळून तेलकट सफेदा लावणं) नको, त्यातल्या तेलाने सीपीव्हीसीला चिरा पडतात.

परळ_पूर्व: आणि गच्चीतली लाईन?

नळजोड: उन्हाने पीव्हीसी भुरभुरतं, ठिसूळ होतं, मग झाडूचा दांडा लागला तरी तडकतं. पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्या, थिनरवाला रंग नको. आणि एल्बो वाचवायला कुणी पाईप शेगडीवर तापवून वाकवत असेल तर थांबवा. वळणावर पाईपची भिंत पातळ होते, आणि पाईप जळला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.