मेथोट्रेक्सेटच्या गोळीनंतर दोन दिवस मळमळ, काय करू?

माझ्या आईला संधिवात आहे (आरए, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिस). 4 महिने झाले, दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट 15 एमजी घेते. बोटांची सूज खूप उतरलीये पण सोमवार-मंगळवार नुसती मळमळ, चहाचा वास पण सहन होत नाही तिला, आता म्हणते गोळीच बंद करते. काय करू?

प्रतिसाद 1
ताई, बंद नका करू देऊ हो, मी तेच केलं आणि महिन्याभरात मनगटं परत सुजली. फॉलिक अ‍ॅसिड (व्हिटॅमिनची गोळी) चालू आहे का? मला गोळीच्या दुसऱ्या दिवशी 5 एमजी दिलंय, त्याने बराच फरक पडला. गोळीच्या रात्री मऊ वरणभात, तळलेलं काही नाही. तरी थांबलं नाही तर इंजेक्शनचं विचारा, पोटावर कातडीखाली घेतात, आठवड्यातून एकदाच, मला तर त्यानेच सुटका मिळाली!

प्रतिसाद 2
सोबत पेनकिलर घेतात का त्या? माझ्या सासूबाईंचं पोट त्यानेच बिघडलं होतं, उपाशीपोटी घ्यायच्या. शौच काळी झाली, उलटीत रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गॅसची गोळी आणू नका, डॉक्टरांना विचारून.

प्रश्नकर्ती
फॉलिक अ‍ॅसिड लिहून दिलेलं पण पट्टी संपल्यावर आणलंच नाही आम्ही 😔 उद्याच फोन करते डॉक्टरांना. इंजेक्शन घरी घेता येतं का?

प्रतिसाद 1
हो, नर्सने शिकवलं मला. पण लिव्हरची आणि सीबीसीची (रक्तपेशींची) रक्ततपासणी चुकवू नका.