हुकूम कोणाचा?
दहशतवादी हल्ले रोखायला विशेष दलाचे कमांडो चौकाचौकात उभे करा, ते दिसले की हल्लेखोर दहादा विचार करेल, असं काहींचं म्हणणं आहे; मला ते अर्धंच पटतं. फ्रान्सने जानेवारी २०१५ पासून सुमारे १०,००० सैनिक रस्त्यावर उतरवले होते (विशेष दलाचे नव्हेत, साधे जवान, पण मुद्दा तोच). तरी त्याच नोव्हेंबरात पॅरिसच्या बाताक्लां नाट्यगृहावर हल्ला झालाच. आत सर्वात आधी शिरले ते दोन पोलीस, हातात नुसती पिस्तुलं! त्यांनी एकाला टिपलंही. रायफलवाले जवान बाहेर होते, पण त्यांना गोळी चालवायचा हुकूम नव्हता. पोलिसांनी निदान रायफल तरी द्या म्हटलं, तीही मिळाली नाही.

म्हणजे माणसं आणि हत्यारं दोन्ही जागेवर होती, अडलं ते हुकुमापाशी. शिवाय दार फोडून आत शिरायचा रोजचा सराव असलेल्या कमांडोला आठ-आठ तास नाक्यावर उभं केलं, तर तो सराव कधी करणार?