चर्चा: बेडकांचा आवाज रेकॉर्ड करून बेडूक वाचतील का?

बेसा_रोडवाला
मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला त्या रात्री नागपुरात आमच्या ले-आऊटमधल्या रिकाम्या प्लॉटवर टॉर्च घेऊन उभा होतो. प्लॉटवर गुडघाभर पाणी साचलं होतं. उजेड टाकला तर पिवळेधमक मोठे बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत होते. मागे भिंतीपाशी मायक्रोहायला नावाचे नखाएवढे बेडूक, त्यांचा आवाज कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा. फोनवर अकरा मिनिटं रेकॉर्ड केलं. चौथ्या रात्री त्या पिवळ्यांपैकी एकही नव्हता.

या पिवळ्या मोठ्या बेडकांचं, म्हणजे बुलफ्रॉगचं, असंच असतं. जोराचा पाऊस झाला की ओरडायच्या रात्री मोजून दोन-चार. त्या रात्री तुम्ही तिथं नसाल, तर तुमच्या वहीत तो बेडूक नाहीच.

म्हणून माझं म्हणणं असं की गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव हे तलाव आणि मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांध्या, इथे जून ते सप्टेंबर आवाज टिपणारी यंत्रं लावावीत. ऑडिओमॉथ नावाचं यंत्र तळहातात मावतं, तीन पेन्सिल सेलवर चालतं, ठरवलेल्या वेळी आपोआप सुरू होतं. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, दर दहा मिनिटांतलं एक मिनिट घेतलं तर रात्रीची ७२ मिनिटं होतात. ४८ किलोहर्ट्झला ती सव्वाचारशे एमबीच्या आत बसतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात दोन महिने आरामात निघतात.

ऑस्ट्रेलियात २०१७ पासून 'फ्रॉगआयडी' चालू आहे. लोक फोनवरून आवाज पाठवतात, ऑस्ट्रेलियन म्युझियमचे जाणकार ऐकून जात ओळखतात. २०१९-२० च्या भयंकर वणव्यांनंतर जळालेल्या भागात कोणते बेडूक टिकले, याचा पहिला अंदाज याच नोंदींतून आला. जगातल्या उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत असं २०२३ च्या जागतिक आढाव्यात आलं. नागपुरात आपण काय गमावलं, हे कोण लिहून ठेवून राहिलं?

मौद्याचा_धानवाला
दादा, राग मानू नका, पण रेकॉर्डिंगनं बेंडूक वाचत नाही, पाण्यानं वाचते. आमच्या लहानपणी पाऊस लांबला की धोंडी काढायचो. मुसळाले बेंडूक बांधायचा, कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा, अन् घरोघरी बाया वरून पाणी टाकायच्या. तेव्हा बेंडूक सापडायले पाच मिनिटं लागत नव्हते. मागच्या खेपेस पोरं दुपारभर फिरले, शेवटी विहिरीच्या कपारीतून एक आणला. हे मले कोणत्या यंत्रानं नाही सांगितलं. फवारा मारला की दुसऱ्या दिवशी बांधी चूप राहते, हे आमच्या कानाले माहीत आहे. जो पैसा यंत्रात टाकता तो मामा तलावातला, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातला, गाळ काढण्यात टाका.

बेसा_रोडवाला
दादा, तुमची धोंडीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण विचार करा, ही गोष्ट घेऊन आपण कृषी खात्यात गेलो तर काय होईल? "कधीपासून कमी झाले? कोणते बेडूक?" असं विचारतील. आपल्याजवळ तारीख नाही, जात नाही. फवारणीच्या आधीच्या आठवड्याचा आणि नंतरच्या आठवड्याचा आवाज शेजारी ठेवला, तर समोरच्याला ऐकावंच लागेल.

शुक्रवारी_तलाव
ऐकतील आणि फाईलीत ठेवतील. १९८७ मध्ये भारतानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, ती काय रेकॉर्डर लावून केली? पोती भरभरून बेडूक जात होते ते दिसत होतं, निर्णय झाला. इथेही सगळं डोळ्यांसमोर आहे. सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाले, रिकाम्या प्लॉटवर मुरूम पडला, पावसाचं पाणी थांबायला जागा उरली नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा तरी कळायला हवं होतं की खड्डे, डबकी, नाल्याचा काठ हे शहराच्या कामाचे असतात. तुमच्या बेसाच्या प्लॉटवर उद्या पाया खोदला जाईल आणि तुमच्याजवळ अकरा मिनिटांची फाईल राहील.

धरमपेठ_निवृत्त
मी बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. उत्साह चांगला आहे, पण यंत्रावर किती भार टाकायचा ते आधी ठरवा.

ओरडतात ते बहुतेक नरच. माद्या आणि पिल्लं तुमच्या कार्डात येणार नाहीत. आवाजावरून जात कळते, संख्या कळत नाही. अमेरिकेत रस्त्याकडेला थांबून बेडूक ऐकण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला, तिथेही मोजणी फक्त तीन पायऱ्यांची होती: एकेक आवाज सुटा ऐकू येतो, काही एकमेकांवर चढतात, किंवा नुसता गदारोळ. गदारोळात पन्नास की पाचशे, हे कान सांगू शकत नाही, यंत्रही नाही.

दुसरं, बेडूक ओरडतात मुसळधार पावसाच्या रात्री आणि नेमक्या त्याच रात्री थेंबांच्या माऱ्यानं रेकॉर्डिंग भरून जातं. अमरावती रोडलगत तर ट्रकच ऐकू येतील. तिसरं, शेतातल्या त्या लहान करड्या बेडकांत दिसायला सारख्या असणाऱ्या जाती आहेत. त्यांचे आवाज आधी खात्रीनं ओळखून ठेवलेले हवेत, नाहीतर सॉफ्टवेअर वाट्टेल ते नाव देईल. बर्डनेटसारखी आवाजावरून जात ओळखणारी साधनं मुख्यतः पक्ष्यांवर घडवलेली आहेत. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची: बेडकाला हात लावावा लागत नाही. हातांनी, बुटांच्या चिखलानं बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाते, तो धोका यात कमी.

उमरेडकडची
यंत्र बेडकासाठी लावलं तरी ते माणसांचंही ऐकतं, याबद्दल कोणीच बोललं नाही. मी कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या बाजूच्या गावांत बायांच्या बचत गटांबरोबर काम करते. पावसाळ्यात त्या सात्या (रानातली अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) आणायला जंगलात जातात. जाताना मोकळं बोलतात, सासू-नवऱ्याचं बोलतात, रडतातही. घरात त्यांना ती जागा नाही. कॉर्बेटच्या व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि ड्रोनचा स्थानिक बायांना कसा जाच होतो, यावर केंब्रिजच्या संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. प्राण्यांसाठी लावलेला कॅमेरा बायांवर वापरला गेला. आवाजाचं यंत्र तर दिसतही नाही. झाडाला बांधलेली डबी कोणाची, त्यात काय जातं, हे गावाला कोण सांगणार?

बेसा_रोडवाला
ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. यंत्र फक्त रात्री चालवलं आणि माणसांचा आवाज गाळून टाकला तर?

धरमपेठ_निवृत्त
गाळता येणार नाही. बुलफ्रॉगचा आवाज आणि माणसाचं बोलणं एकाच पट्ट्यात येतं. एक काढलं तर दुसरं जातं.

उमरेडकडची
मग ग्रामसभेत आधी विचारा. डबीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: कशासाठी, कोणाची, कोणत्या वेळी चालू. आणि बायांना एकदा ऐकवा. रात्री कोणता बेडूक कुठं ओरडतो हे त्या तुमच्यापेक्षा लवकर सांगतील. बाथरूममध्ये येणारा तो लांब बोटांचा झाडबेडूक लाकडावर टकटक केल्यासारखा बोलतो, हे मला एका आजीनंच दाखवलं.

शुक्रवारी_तलाव
मी अजूनही म्हणतो, आधी जागा वाचवा. पण रेकॉर्ड करायचंच असेल तर गोरेवाड्याच्या सुरक्षित जंगलात करू नका. ज्या डबक्यावर उद्या मुरूम पडणार आहे तिथे करा, आणि ले-आऊट मंजुरीवर हरकत घ्यायच्या दिवशी ती फाईल सोबत न्या.

मौद्याचा_धानवाला
माझ्या बांधीत लावा. माझी दीड एकर यंदा बिनफवाऱ्याची ठेवून राहिलो, भावाच्या बांधीत फवारा होते. दोन्हीकडे एकेक यंत्र बांधा. बेंडूक चूप झाले तर कोणत्या तारखेपासून झाले ते मले सांगा, मी भावाले ऐकवीन.

धरमपेठ_निवृत्त
दोन बांध्यांमध्ये अंतर किती? मोठ्या बेडकाचा आवाज दूरवर जातो. जवळ असतील तर एकीचा दुसरीत ऐकू येईल. आणि एका जोडीवरून सिद्ध काही होणार नाही, निदान पाच-सहा शेतकरी हवेत.

मौद्याचा_धानवाला
मधात नाला आहे, चांगलं दूर आहे, सर. बाकीचे शेतकरी मी पाहतो. पण रोवणीच्या आधी या, मृग लागला की लगेच. रोवणीत आम्हाले मान वर करायले वेळ नसते. यंत्र धुऱ्यावरच्या बाभळीले बांधा, आंब्याले नको, तिथं माकडं येतात.