टेन्शनने शुगर वाढते का? रिपोर्ट बॉर्डरवर आलाय, मदत हवी आहे

मंडळी, वय ४२, राहायला डोंबिवली, नोकरी बीकेसीत. दोन वर्षांपूर्वी टीममध्ये सहा जण होतो, आता तिघे. काम मात्र तेवढंच. साडेआठला घरी पोचतो, नऊला परदेशी क्लायंटचा कॉल. जेवायला अकरा, झोपायला एक, पावणेसहाला गजर.

ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी शुगर ११४ निघाली. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. पोटाचा घेर ९७ सेंटिमीटर (आपल्याकडे पुरुषांना ९० ची मर्यादा धरतात, हे डॉक्टरांनी टेप गुंडाळता गुंडाळता सांगितलं). आईवडील दोघांनाही डायबेटिस नाही. वजन चारच किलो वाढलंय, पण सगळं पोटावर.

आता खरं कोडं. गणपतीत दहा दिवस गुहागरला होतो. मोदक सोडले नाहीत, खरं तर मोजलेही नाहीत. तरी सकाळची शुगर ९४ ते ९९! परत आलो, ऑफिस सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ११६, तेही घरचंच जेवून. बायको म्हणते मशीन खोटं. पण दोन्हीकडे मशीन एकच होतं.

डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही. तीन महिन्यांनी बोलावलंय आणि 'टेन्शन कमी घ्या' म्हणाले. होम लोनची अजून अकरा वर्षं आहेत हो, कुठून कमी घेऊ? नोकरी न सोडता कोणी आकडे खाली आणलेत का? मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस कृपया सुचवू नका, सासूबाईंनी ते खातं आधीच सांभाळलंय.

प्रतिसाद
टेन्शनचा हात आहेच. ताणात कॉर्टिसोल हे हार्मोन वाढतं, यकृत रक्तात साखर सोडतं, इन्सुलिनचा असर कमी होतो. शरीराला वाटतं आता पळायचंय; आपण खुर्चीतच. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात सतत कामाचा ताण असलेल्यांत मेटाबॉलिक सिंड्रोमचं (पोटाचा घेर, साखर, रक्तातली चरबी, बीपी यांतलं बरंचसं एकत्र बिघडणं) प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. पण सगळं बिल टेन्शनवर फाडू नका. गावी तुम्ही जेवत किती वाजता होता? झोपत किती तास होता? आरत्या, पाहुणे, घरोघरी जाणं, म्हणजे पायही चालत होते. माझं ऐकाल तर आधी जेवण कॉलच्या अलीकडे आणा आणि कॉल इयरफोन लावून चालत घ्या. तीन महिन्यांची तपासणी मात्र चुकवू नका.

धागाकर्ता
गावी साडेआठला पान वाढलेलं असायचं आणि दहाला सगळे आडवे. हे लक्षातच आलं नव्हतं! चालत कॉल घेण्यात अडचण कॅमेऱ्याची. मंगळवार-गुरुवारी तो बंद असतो, त्या दोन दिवसांपासून सुरू करतो. आणि घरी पोचल्यावर बॅग ठेवायच्या आधी ताट.