६०० मिमी झूम: कोणती घ्यावी, आणि लांबचे फोटो मऊ का येतात?

रानपिंगळा (प्रश्न)

बॉडी एपीएस-सी मिररलेस, १.५ क्रॉपची (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मापापेक्षा, दीडपट लहान). सध्या ७०-३०० मिमी झूम वापरतो. पक्षी आणि हरणाएवढे प्राणी, दोन्ही हवे आहेत. बरंचसं पायी, थोडं गाडीतून. १००-४०० वर्गातली हलकी झूम घ्यावी की १५०-६०० किंवा २००-६०० वर्गातली जड, इथे अडलंय.

भाड्याने आणलेल्या १५०-६०० ने ६०० ला काढलेले फोटो मऊ (धार नसलेले) आले, ४०० ला बरे होते. सेटिंग शटर १/५०० सेकंद, एफ/६.३, स्टॅबिलायझेशन चालू, कॅमेरा हातात. बहुतेक फोटो सकाळी अकरानंतरचे, विषय ६० ते ८० मीटरवर. लेन्सच तशी की माझं चुकतंय? १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारं, फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) लावून ४०० ची ५६० करून घेतली तर चालेल का?

खंड्या

आधी गणित करा, म्हणजे खरेदीचा अर्धा प्रश्न सुटेल. सेन्सरवरची प्रतिमा म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले विषयाची लांबी, भागिले अंतर. १५ सेंमीचा पक्षी १० मीटरवर असेल तर ४०० ला ६ मिमी भरतो, ६०० ला ९ मिमी. तुमच्या सेन्सरची उंची साधारण १६ मिमी, म्हणजे ६०० ला निम्म्याहून जास्त फ्रेम भरली. तोच पक्षी ३० मीटरवर गेला की ६०० लाही जेमतेम ३ मिमी. ४०० वरून ६०० ला गेलात तर दीडपट मिळतं, अंतर निम्मं केलंत तर दुप्पट. छोट्या पक्ष्यांसाठी ६०० हवीच, पण ८० मीटरवरचा पक्षी ती जवळ आणून देईल ही आशा सोडा. हरणाला ४०० पुरते, आणि ते जवळ आलं तर १०० चं टोक कामाला येतं. २०० पासून सुरू होणारी झूम तिथे अडते.

आता वजन. सोनीची २००-६०० कॉलरशिवाय (ट्रायपॉडला जोडायच्या कड्याशिवाय) २११५ ग्रॅम, निकॉनची झेड १८०-६०० सुमारे १९५५. कॅननची आरएफ १००-५०० सुमारे १३७०. सिग्माची १००-४०० डीजी डीएन तर ११४० च्या आसपास. पायी हिंडणाऱ्याला हा फरक तिसऱ्या तासाला कळतो. हात थकला की फ्रेम हलते आणि दोष लेन्सच्या माथी जातो.

मोठ्या झूममध्येही दोन जाती आहेत. सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० यांचं झूम आतल्या आत होतं. नळी बाहेर येत नाही, त्यामुळे गिंबलवर (जड लेन्स तोलून धरणाऱ्या ट्रायपॉडच्या हेडवर) एकदा साधलेला तोल फारसा ढळत नाही आणि रिंगही थोडीच फिरवावी लागते. नळी बाहेर काढणाऱ्या लेन्स बॅगेत कमी जागा घेतात, पण २०० वरून ६०० ला जाताना पुढचं टोक जड होतं. अशी लेन्स खाली तोंड करून लटकवली की नळी आपोआप घसरते, म्हणून चालताना झूम लॉक लावायचाच.

टेलिकन्व्हर्टरचा विचार माउंट बघून करा. सोनी माउंटवरची सिग्मा १५०-६०० डीजी डीएन तो घेत नाही, एल माउंटवरची तीच लेन्स घेते. कॅननच्या १००-५०० वर तो ३०० च्या पुढेच बसतो, म्हणजे १०० ते ३०० चा टप्पा हातचा गेला.

टिटवी

तुम्ही दिलेल्या माहितीतूनच उत्तर निघतंय: अकरानंतर, ६० ते ८० मीटर, १/५००. माझा पहिला संशय तापलेल्या हवेवर. जमीन तापली की वरची हवा लाटा मारते आणि ८० मीटरचा तो थर फोकल लेंग्थच्या प्रमाणात मोठा होऊन दिसतो. ४०० ला बरं आणि ६०० ला वाईट दिसण्याचं हे अगदी सरळ कारण आहे. रस्ता, खडक, उथळ पाणी, उभ्या गाडीचं तापलेलं बॉनेट, या सगळ्यांवर ते होतं. थंडीच्या सकाळी गरम गाडीतून काढलेली लेन्ससुद्धा काही वेळ स्वतःच्या हूडमध्ये (पुढच्या सावली देणाऱ्या नळीत) ऊबदार हवा कोंडून ठेवते. गाडीतून फोटो काढायचा तर काच पूर्ण खाली घ्या आणि हीटर आधीच बंद करा. उघड्या खिडकीतून आतली गरम हवा बाहेर वाहत असते, नेमकी लेन्ससमोरून.

दोष कुणाचा ते असं ओळखा. स्थिर विषयाचे सलग दहा फोटो काढा आणि शंभर टक्क्यांवर एकापाठोपाठ बघा.

मऊपणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी दिसतो, एकात डोळा बरा तर दुसऱ्यात चोच, तर ती हवा. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात हलला. फक्त प्राणीच ओढलेला आणि मागची फांदी धारदार असेल तर शटर अपुरं पडलं. आणि समोरचं गवत स्वच्छ पण डोळा मऊ असेल तर फोकस चुकला. दहाच्या दहा सारखेच मऊ निघाले तरच लेन्सकडे बोट दाखवा, तेही खालची चाचणी केल्यावर.

लेन्स ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक शटर. छापील बारीक अक्षरांचा कागद १५ मीटरवर, सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत. ६०० ला एफ/६.३ आणि एफ/८ चे पाच-पाच फोटो, प्रत्येक वेळी फोकस नव्याने धरून. मग तोच कागद चारही कोपऱ्यांत आणून बघा. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मऊ असेल तर आतली एखादी भिंग-जोडी सरकलेली असू शकते, ती लेन्स परत करा. वापरलेली घेताना ही चाचणी सोडू नका.

पुढे यूव्ही फिल्टर असेल तर काढून पुन्हा काढा. लांब लेन्सवर स्वस्त फिल्टर फोटो चांगलाच बिघडवतो. संरक्षणाला हूड पुरे.

घार

टिटवींशी सहमत, फक्त १/५०० बद्दल जास्त बोलायला हवं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थोपवतं, प्राण्याची मान नव्हे. बसलेला पक्षी १/५०० ला निघतो, तोही सलग आठ-दहा काढून त्यातला एक. चालणारं हरीण १/८००, पळणारं १/१६००. उडणारी बदकं आणि छोटे पक्षी १/२५०० ते १/३२००. मोठा बगळा संथ उडतो, त्याला १/१६०० चालतं.

एफ/८ सरसकट वापरू नका. ६.३ वरून ८ म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप गेला (एक पूर्ण स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पहाटेच्या उजेडात तेवढा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवण्यापेक्षा ६.३ ला राहिलेलं बरं. प्रकाश भरपूर असेल किंवा दोन प्राण्यांचे डोळे एकत्र हवे असतील तर एफ/८. एफ/११ च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) धार जाते, तिथे जायचं कारण नाही.

आणि फोकसमध्ये राहणारी खोली किती कमी आहे ते ध्यानात असू द्या. फुल फ्रेमच्या नेहमीच्या मोजमापाने ६०० ला एफ/६.३ वर, १० मीटरवर, जेमतेम १० सेंमी. तुमच्या क्रॉपवर त्याहूनही कमी. त्यामुळे अ‍ॅनिमल आय-डिटेक्ट चालू असला (प्राण्याचा डोळा आपोआप शोधणारा फोकस) तरी फोकसचं क्षेत्र लहान ठेवा. पूर्ण फ्रेम दिली की तो पुढच्या फांदीवर जाऊन बसतो.

टेलिकन्व्हर्टर: ४०० ला एफ/६.३ असेल तर १.४ लावल्यावर एफ/९. ५६० मिळाली, पण मूळ ६०० एफ/६.३ पेक्षा एक स्टॉप मंद, आणि कमी उजेडात फोकस चाचपडतो. रोजच्या पक्ष्यांसाठी हा मार्ग नको.

रानपिंगळा

उपयोगी. दोन शंका. मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ ठेवला की पांढरे बगळे फुटतात (जास्त उजळून तपशील जातो). आणि गाडीतून बीनबॅग (लेन्स टेकवायची मऊ पिशवी) वापरली तरी थरथर येते.

घार

गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी असला की मीटर पाण्यासाठी उजेड वाढवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ ते -१ करा. उजळ आभाळात गडद पक्षी असेल तर उलट, +१ ते +१.७. ते बदलायची चकती अंगठ्याखाली येईल अशी बटणं बसवून घ्या, मेनूत शिरायला वेळ नसतो. उडत्या पक्ष्याला फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारा स्विच) लांब टप्प्यावर ठेवा. सोनी २००-६०० वर तो १० मीटर ते अनंत असा आहे. एकदा फोकस सुटला तर लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात पक्षी निघून जातो. विसरू मात्र नका, जवळच्या पक्ष्याला लेन्स फोकसच धरणार नाही आणि बिघडली असं वाटेल.

टिटवी

थरथर म्हणजे इंजिन चालू. बंद करा, आणि गाडीतल्या बाकीच्यांनाही हलू देऊ नका. बॅग दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरली की ती दगडासारखी होते आणि लेन्स वर डोलते. भरायला प्लास्टिकचे मणी बरे, धान्य भिजलं की कुजतं. कॉलरचा पाय वर फिरवा आणि नळीच बॅगेवर टेका, शक्यतो तोलाच्या बिंदूपाशी. डावा हात लेन्सच्या वर, हलका दाब देत. पायी जाताना उलट: पाय खाली ठेवून तोच मुठीत धरायचा. बॉडीला धरून दोन किलोची लेन्स लटकवली की सगळा ताण माउंटवर येतो.

खंड्या

निवडीवर परत येतो. तुम्ही बरंचसं पायी म्हणताय, म्हणून पक्षी जास्त की प्राणी हे आधी ठरवा. पक्षी जास्त असतील तर आतून झूम होणारी ६०० आणि सोबत मोनोपॉड. प्राणी जास्त असतील तर १००-४००, क्रॉपवर तिचा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या ६०० इतकाच मिळतो. त्याआधी तीच भाड्याची लेन्स सूर्य उगवल्यावर पहिल्या दीड तासात, २० मीटरच्या आत, १/१००० ला पुन्हा चालवून बघा. कदाचित तीच चांगली निघेल.